केवळ एजंट या नात्याने

आमच्या पेडण्यात ‘एजन्सी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी गॅसचा सिलिंडर येतो. त्यानंतर पेपरची एजन्सी, विम्याची एजन्सी, आणि मोपाला विमानतळ झाल्यापासून माणसं पुरवणाऱ्या एजन्स्या तर पावलोपावली झाल्या आहेत. मी मुरगाव बंदरात एका जहाज एजन्सीत तेहेतीस वर्षं काढली. पण गावात कुणी विचारलं आणि मी ‘एजन्सीत’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: नंबर लावल्यावर किती दिवसांनी मिळतो? डिचोलीला मुलगी बघायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी चहाबरोबरच विषय काढला. “एजन्सींत आसा म्हणटात, मागीर सिलिंडराची काळजी ना.” मी म्हटलं, गॅसची नव्हे, जहाजांची. त्यांचा चेहरा पडला. मुलगी दिली, पण पुढं जन्मभर सिलिंडर उशिरा आला की ते जावयाकडे बघत.

यंदा चतुर्थीला मुलगी घरी आली होती. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. जेवताना म्हणाली, “बाबा, आमच्या विषयांत एजन्सी म्हणजे मनशाची आपल्या मनान कितेंय करपाची ताकद. तुमच्या नोकरेंत तुमकां कितली आशिल्ली?” मी हसलो. म्हटलं, बाय, आमच्या नोकरीत ती असणं हाच गुन्हा होता. ती हसली, विषय संपला. पण माझ्यापुरता संपला नाही. एकदा, एकाच दिवशी, मी तो गुन्हा केला होता. तो इथं सांगून टाकतो.

आधी धंदा काय ते सांगायला हवं. जहाज बंदरात येतं तेव्हा त्याचं तिथं कुणी नसतं. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्याच. ते नदीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभं राहतं, पिवळा बावटा लावतं, आणि आरोग्य खात्याची परवानगी मिळेपर्यंत त्यावरचा माणूस जमिनीला पाय लावू शकत नाही. ही परवानगी आणायची कुणी? कस्टम, इमिग्रेशन, पायलट, गोडं पाणी, भाजी, दात दुखणारा खलाशी, आई वारली म्हणून घरी जाऊ इच्छिणारा खलाशी, हे सगळं बघायचं कुणी? एजंटानं. एजंट म्हणजे जहाजाचा त्या बंदरातला मामा. आणि एजन्सीतला जो माणूस रोज लाँचमधून जाऊन दोरशिडीनं जहाजावर चढतो, तो बोर्डिंग क्लार्क. तो मी.

पहिल्यांदा गेलो त्या दिवशी लाँच जहाजाच्या पोटाशी लागली आणि मी वर बघितलं. वर आकाश दिसेना. गंजलेल्या लोखंडाची एक भिंत सरळ वर गेलेली आणि तिच्यावरून एक दोरशिडी लोंबत होती. आमची पेडण्याची अख्खी पेठ, देवळासकट, त्या डेकवर मावली असती.  लाँच चालवणारा तांडेल पुंडलिक आमच्याच पेडणे महालातला, किनाऱ्यावरच्या गावचा. तो म्हणाला, “ल्हार वयर आयली की शिडी धर. सकयल वतना धरशीत जाल्यार पाय गेलो म्हण समज.” लाट लाँचला वर उचलते त्या क्षणी शिडी पकडायची, लाट उतरताना पकडली तर पुढच्या लाटेवर लाँच वर येते आणि पाय मधे चेंगरतो. हे एक वाक्य मला तेहेतीस वर्षं पुरलं. ते आश्चर्य मात्र कधी कमी झालं नाही. शेवटच्या दिवसांतही मी खाली उभा राहून क्षणभर वर बघत असे, आणि पुंडलिक म्हणत असे, “कितें रे, नवो कोरो आयला?”

त्या जहाजांत आमच्याच डोंगरांची लोखंडी माती जात असे. खाणीवरून ट्रकांत, ट्रकांतून बार्जींत, बार्जींतून नदीमार्गे समुद्रात. माझी बायको डिचोलीची. तिच्या लहानपणी घरामागे जो डोंगर होता तो तिच्या डोळ्यांदेखत कमी कमी होत गेला. ती मला म्हणे, “म्हज्या कुळारचो दोंगर खंय व्हरतात तें तरी विचारात.” मी कॅप्टनना विचारून येई आणि घरी सांगे: तुझ्या माहेरचा डोंगर आज चीनला गेला, आज जपानला गेला. ती मान हलवायची, सासरी निघालेल्या पोरीचा पत्ता विचारून घ्यावा तशी. त्याच डोंगरावर आमचं घर चाललं होतं, त्यामुळे दोघांनाही पुढं बोलायला तोंड नव्हतं.

मला घडवलं ते दत्तारामबाबांनी. एजन्सीतले जुने क्लार्क, मये गावचे, मितभाषी माणूस. पहिल्याच महिन्यात मी मोठी चूक केली. लोडिंगला उशीर झाला म्हणून एका कॅप्टननं निषेधाचं पत्र लिहून माझ्या हातात ठेवलं आणि पोच मागितली. मी खुशाल सही ठोकली. संध्याकाळी दत्तारामबाबांनी ते बघितलं आणि चश्मा काढला. मी नुसती सही केली होती, म्हणजे पत्रातलं सगळं खरं आहे असं आमच्या एजन्सीनं कबूल केलं होतं. दत्तारामबाबांनी दुसऱ्या दिवशी मला एकट्याला परत जहाजावर पाठवलं, त्या सहीखाली शिक्का मारून आणायला. शिक्क्यावर इंग्रजीत एवढंच: अ‍ॅज एजंट्स ओन्ली. केवळ एजंट या नात्याने. सही माझी, पण मी कोणी नाही. कॅप्टन पोट धरून हसला आणि त्यानं शिक्का मारू दिला.

“धनी सांगता तें आपण सांगचें,” दत्तारामबाब म्हणाले. “आपल्या पदरचें एक अक्षर घालचें ना. घातलें काय एजंट मेलो.”

मी ते मनावर घेतलं. इतकं, की पुढं पोराच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही खिशातला शिक्का चाचपून बघत असे. मालक किंवा मालकाचा जहाजावरचा माणूस, म्हणजे कॅप्टन, जे सांगेल ते करायचं. एका कॅप्टनला कुंडीतल्या तुळशीसारख्या कुठल्याशा रोपाला घालायला मूठभर माती हवी होती, पण लाल नको, काळी. कपाळाला हात लावला आणि वाळपईहून एका ओळखीच्या बागायतदाराकडून पिशवीभर आणली. दुसऱ्या एकाला जहाजावरच्या उंदरांसाठी मांजर हवं होतं. ते मात्र कस्टमला विचारायचं धाडस झालं नाही.

आणि तिसरे कॅप्टन स्टावरोस. खरं सांगायचं ते त्यांच्याबद्दलच.

ग्रीक माणूस, साठीचा, पांढऱ्या मिशा, आवाज चढवणं ठाऊक नाही. आमच्या बंदरात ते तीन वेळा आले. पहिल्या वेळी मी पुंडलिकच्या न्याहारीतली एक पोई, म्हणजे आमच्या पाववाल्या पोदेराकडचा कोंड्याचा पोकळ पाव, सहज त्यांना दिली. त्यांनी ती फोडली, वास घेतला आणि म्हणाले की त्यांच्या बेटावर आजी असाच पाव करायची. तेव्हापासून त्यांचं जहाज असलं की मी रोज सहा पोया गरम गरम फडक्यात बांधून नेत असे. माझं काम सह्या घेण्याचं, त्यामुळे माणसापेक्षा सही मला जास्त ओळखीची. स्टावरोसांची सही छापल्यासारखी. तीस कागदांवर तीस सह्या, एकीवर दुसरी ठेवली तर तंतोतंत बसावी.

ते शेवटचे आले ते खाणी बंद पडून पुन्हा थोड्या थोड्या सुरू झाल्या त्या मोसमात. जहाज निम्मं भरलं होतं. भरत जाईल तसं जहाज पाण्यात बसतं आणि दोरशिडी रोज काही हात कमी चढावी लागते. त्या सकाळी मी अर्ध्या मेहनतीत वर पोचलो म्हणून खुशीत होतो. कॅप्टनच्या केबिनमध्ये पोया ठेवल्या. त्यांनी फडकं सोडलं नाही. कागद पुढं केले. त्यांनी पहिली सही केली, दुसरी केली, तिसरी केली. तिन्ही वेगळ्या. तिसरीचं शेपूट कागदाबाहेर टेबलावर गेलं होतं.

मी वर बघितलं. एअर कंडिशनर चालू होता आणि त्यांच्या मिशांवर घाम होता. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

“तुम्हाला बरं नाही,” मी म्हटलं.

“पित्त आहे.”

“डॉक्टर आणतो.”

तेव्हा ते सावकाश बोलले. ही त्यांची शेवटची सफर होती. एकेचाळीस वर्षांत त्यांनी एकही जहाज अर्ध्यावर सोडलं नव्हतं. आणखी चार दिवसांत लोडिंग संपेल, मग समुद्र, मग शेवटचं बंदर, मग ते स्वतः चालत उतरतील. “मालकांना कळवायचं नाही. कुणालाही कळवायचं नाही. तू माझा एजंट आहेस. मी सांगतो ते करायचं.”

एजंटाला दिलेला यापेक्षा स्वच्छ हुकूम मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी “हो” म्हणून बाहेर आलो. दाराबाहेर चीफ ऑफिसर उभा होता, पस्तिशीचा फिलिपिनो. त्यानं काही न विचारताच सांगितलं: पहाटेपासून दोनदा डॉक्टरचं म्हटलं, दोनदा त्यांनी मला गप्प केलं, ते कॅप्टन आहेत. मी शिडी उतरलो. पुंडलिकनं माझं तोंड बघितलं आणि इंजिन सुरू केलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं.

लाँचमधूनच शेटना, म्हणजे एजन्सीच्या मालकांना, फोन लावला. माणूस वाईट नव्हता, पण बुद्धी एजंटाचीच.

“कप्तानान बरोवन दिलां?”

“ना. लिहून कसलं, नको म्हणून सांगितलं.”

“मागीर आमी कोण रे? उद्यां ते म्हणटले, आमच्या बऱ्या आशिल्ल्या कप्तानाक तुमी जहाजावयलो देंवयलो. जहाज रावलें जाल्यार जाप कोण दितलो? परत ये.”

धडधाकट कॅप्टनला उतरवल्याचा आणि जहाज अडकल्याचा जाब आम्हालाच विचारला असता; शेटांचं एकही वाक्य चूक नव्हतं. दत्तारामबाबांनीही हेच सांगितलं असतं. जहाजावर डॉक्टर मागवायचा एक छापील अर्ज असतो, तो माझ्या पिशवीत कायम असे. त्यावर खाली लिहिलेलं असतं, विनंती करणार: जहाजाचा कप्तान. मी तो मांडीवर घेतला. लाँच वरखाली होत होती. “पुंडलिका,” मी म्हटलं, “तुजो बापूय हार्टान गेल्लो न्हय?”

“हय. पोटांत गॅस जालो म्हणून दोन दीस जिरें खायत बसलो.” त्यानं अर्जाकडे बोट दाखवलं, लिही म्हणून. मग म्हणाला, “तू बरय. हांव धक्क्यार लाँच घेवन रावतां.”

मी ‘कप्तान’ हा शब्द खोडला. वर माझं नाव लिहिलं, सगुण, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली सही केली. शिक्का पिशवीतच होता, पण तो मी बाहेर काढला नाही. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत जहाजाच्या कागदावर माझी म्हणावी अशी ही एकच सही.

दोन तासांत मी डॉक्टरांना घेऊन परत वर गेलो. कॅप्टन खुर्चीतच होते. डॉक्टरांची पेटी बघून ते माझ्याकडे वळले.

“कुणी बोलावलं?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुणाच्याच नाही.”

त्यांनी ग्रीकमध्ये काहीतरी म्हटलं. भाषा येत नसूनही ते कळलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद बाहेर आला, आणि त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस सकाळपासून हार्ट अ‍ॅटॅकमध्ये बसून आहे. शिडी उतरायची नाही. एक पायरीसुद्धा नाही.

मग जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कॅप्टनना स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं. भाजीपाल्याच्या गोण्या वर घ्यायची जहाजाची लहान क्रेन असते, तिला स्ट्रेचर अडकवलं. क्रेन थांबून थांबून, हिसके देत चालत होती, म्हणून चीफ ऑफिसरनं चार दोर बांधले आणि डेकवर असतील नसतील ती सगळी माणसं दोरांना लागली: स्वैपाकी, इंजिनवाले, तेलानं काळे झालेले. लोडिंगचा आवाज थांबला होता. बार्जींवरची आमची माणसंही उठून उभी राहिली.  एवढ्या मोठ्या जहाजाच्या कडेवरून एक माणूस पांघरुणात गुंडाळून हळूहळू समुद्राकडे उतरत होता, आणि वरची वीस-बावीस माणसं त्याचं वजन हातांनी पेलत होती. ज्याच्या शब्दावर ते जहाज चालत होतं, त्याला त्यांनी तान्ह्या पोरासारखं खाली सोडलं.

खाली पुंडलिक. त्या दिवशी भरतीचं पाणी फुगलं होतं आणि लाँच हातभर वर, हातभर खाली होत होती. स्ट्रेचर लाँचच्या वर आलं तेव्हा त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एक लाट गेली. दुसरी गेली. तो पाण्याकडे बघत होता. “राव... राव... आतां सोड.” लाट वर आली आणि तिच्यासरशी वर आलेल्या लाँचवर स्ट्रेचर टेकलं. एवढासा धक्कासुद्धा बसला नाही. मी देवळातही कधी जोडले नसतील इतक्या मनापासून त्या तांडेलाला हात जोडले. तो म्हणाला, “मुकार बस रे, आडखळ करू नाका.”

हॉस्पिटलात त्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. थोडा वेळ आणखी गेला असता तर काही उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मला आनंद झाला का? झाला. पण तो मला फार वेळ हातात धरता आला नाही.

शेटांनी बोलावलं. आरडाओरडा केला नाही, ते जास्त लागलं. “एजंटान आपली अक्कल चलोवंची न्हय, सगुण,” एवढंच म्हणाले, आणि त्या मोसमापुरतं मला ऑफिसात बसवलं. कंपनीनं दुसरा कॅप्टन विमानानं पाठवला. खलाशांची नवी यादी मीच टाइप केली. पहिल्या ओळीतून स्टावरोस हे नाव मीच काढलं आणि नव्या कॅप्टनचं घातलं. ऑफिसात बसल्या बसल्या करायचं काम, पाच मिनिटांचं.

रोज सुटल्यावर हॉस्पिटलात जात होतो. पोई घेऊन. ते भिंतीकडे तोंड करून पडत. “गुड इव्हनिंग, कॅप्टन” म्हटलं तरी हूं की चूं नाही. मी त्यांचा जीव वाचवला असं नर्स म्हणत होती. त्यांनी मागितला नव्हता तो जीव. त्यांनी फक्त चार दिवस मागितले होते, आणि ते माझ्याकडे होते, आणि मी दिले नाहीत. आजही कुणी म्हटलं की सगुण, तू बरोबर केलंस, तर मी मान डोलावतो. पण त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीपुढं मला ते कधी ठामपणे म्हणता आलं नाही. पाचव्या दिवशी पोईचा अर्धा तुकडा खाल्लेला दिसला.

सहाव्या दिवशी त्यांना सोडलं. विमानप्रवासाला अजून आठवडा होता, म्हणून त्यांना लॉजवर पोचवायला मी सुटी काढून गेलो. गाडीत बसल्यावर ते पहिल्यांदा बोलले. “जहाज कधी सुटणार?”

“आज. दहाच्या भरतीला.”

“दिसेल असं ठिकाण आहे?”

वास्कोच्या बाहेर समुद्राच्या अंगाला एक उंच कडा आहे, तिथं नेलं. सकाळची उन्हं. ते काठीवर भार देऊन उभे राहिले. खाली जहाज पूर्ण भरून पाण्यात खोल बसलेलं, आणि त्याच्या नाकाशी नांगराची साखळी वर येत होती. बघता बघता ते हललं. इतकी मोठी वस्तू हलते तेव्हा आधी वाटतं किनाराच हलला. मी शेकडो जहाजं सोडली होती, पण ती सगळी कागदांत. हे मीसुद्धा पहिल्यांदा उभं राहून बघत होतो.

“एकेचाळीस वर्षं,” ते म्हणाले. “माझं जहाज जाताना मी कधी बघितलं नाही. मी नेहमी त्याच्यावर असायचो.”

जहाजानं तोंड वळवलं आणि भोंगा दिला. लांब. मग दुसरा, मग तिसरा. तीन लांब भोंगे म्हणजे निरोप. तो चीफ ऑफिसरनं द्यायला लावला असणार. आम्ही कड्यावर आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याचा निरोप किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉस्पिटलातल्या खाटेला होता. कॅप्टन ताठ झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. माझंही तेच झालं होतं.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या जहाजाचा एजंट तूच ना?”

“आमचीच एजन्सी.”

“म्हणजे आता तू नव्या कॅप्टनचा.”

“हो.”

“माझा नाहीस.”

“नाही,” मी म्हटलं. नियमानं तसंच होतं.

“मग इथं का उभा आहेस?”

  मी म्हटलं, “ऊन चढतंय, कॅप्टन. गाडीत बसा.”

ते बसले नाहीत. मीही बसलो नाही. जहाज क्षितिजाशी एक ठिपका झालं, मग ठिपकाही गेला, तरी आम्ही दोघं तिथंच होतो, आणि त्यांचा हात कधी माझ्या खांद्यावर आला ते मला कळलं नाही.